डोळ्यांची लाली आणि नव्याने फुटणाऱ्या रक्तवाहिन्या

होळी उलटली की जळगाव-धुळ्याकडचे ऊन चढू लागते, गहू-हरभऱ्याची मळणी चालू असल्यामुळे हवेत भुसा तरंगत असतो, आणि नेत्रतपासणीसाठी येणाऱ्यांत शाळकरी मुलांची संख्या एकाएकी वाढते. त्यांत मुलगे अधिक, मुली कमी. डोळे सारखे चोळून चोळून पापण्या जड झालेल्या असतात, पांढरा भाग मळकट लाल दिसतो, डोळ्यांतून चिकट तारा निघतात आणि उजेडात डोळा उघडवत नाही. या विकाराला वैद्यकात व्हर्नल केरॅटोकंजंक्टिव्हायटिस म्हणतात. हा डोळ्यांचा ॲलर्जीजन्य दाह असून भूमध्य सागराभोवतीचे देश, अरबस्तान, आफ्रिका आणि आपला भारतीय उपखंड अशा उष्ण व कोरड्या प्रदेशांत तो विशेषकरून आढळतो. त्यामुळे खानदेशातल्या डॉक्टरांना त्याची ओळख निराळी करून द्यावी लागत नाही. मुलांना घेऊन येणाऱ्या आयांची तक्रार बहुतेक वेळा एकाच धर्तीची असते: "डॉक्टरसाहेब, थेंब टाकात का बरं वाटस, बंद करात का परत तसंच व्हस." थेंब बंद केल्यावर डोळा पुन्हा पहिल्यासारखा का होतो, या प्रश्नाचे उत्तर केवळ धूळ आणि ऊन यांत नाही. त्याचा मोठा भाग प्रतिकारसंस्थेच्या पेशी रक्तवाहिन्यांशी जे व्यवहार करतात त्यात आहे, आणि त्याविषयी मराठीत फारसे लिहिले गेलेले नसल्यामुळे ते जरा विस्ताराने लिहावेसे वाटले.

अशा मुलाची वरची पापणी उलटवून स्लिट लॅम्पखाली, म्हणजे डोळा तपासण्याच्या प्रकाशफटीच्या सूक्ष्मदर्शकाखाली, पाहिली, तर आजार किती जुना आहे हे पुष्कळदा तिथेच कळते. निरोगी पापणीच्या आतली त्वचा गुळगुळीत, फिकट गुलाबी असते आणि तिच्यात पापणीच्या कडेला काटकोनात जाणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या सरळ, समांतर दिसतात. आजार मुरलेल्या पापणीत या सरळ रेषा हरवलेल्या असतात. त्यांच्या जागी सपाट डोक्यांचे, एकमेकांना खेटून बहुकोनी झालेले उंचवटे असतात, आणि त्यांतले काही एक मिलिमीटरपेक्षाही मोठे असतात. प्रकाशाची फट अरुंद करून भिंगाची शक्ती वाढवली की प्रत्येक उंचवट्याच्या मधोमध खालून वर येणारी एक लाल रक्तवाहिनी दिसते, आणि माथ्याशी पोहोचताच तिला चहूकडे फाटे फुटलेले दिसतात. विषाणूमुळे डोळे येतात तेव्हाही पापणीत पुटकुळ्यांसारखे फुगवटे येतात, परंतु तेथे वाहिन्या फुगवट्याच्या बाजूने वर चढतात, त्याच्या गाभ्यातून निघत नाहीत. ॲलर्जीच्या उंचवट्याचा कणा मात्र रक्तवाहिनीच असते. वैद्यकीय विद्यार्थ्यांना हा फरक निदानाची खूण म्हणून शिकवला जातो. माझ्या मते तो त्याहून पुष्कळ काही सांगतो. मुलगा आजारी पडण्यापूर्वी ही वाहिनी त्या जागी नव्हती. ती नंतर घडवली गेली आहे.

डोळा लाल होण्याचे दोन वेगळे मार्ग आहेत, आणि उपचाराच्या दृष्टीने त्यांतील भेद अतिशय महत्त्वाचा आहे. पहिल्या मार्गात, असलेल्या रक्तवाहिन्या रुंदावतात. दुसऱ्यात, नव्या रक्तवाहिन्या तयार होतात. धुळे जिल्ह्यात पांझरेच्या काठी फड पद्धतीची शेती ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे सहज कळेल: पाटाचे दार अधिक उघडले तर चारीला पाणी वाढते आणि दार लावले की ते ओसरते, पण कोणी नवी चारीच खोदून ठेवली, तर दार लावल्यानंतरही ती जागेवर राहते आणि पुढच्या पाळीला पाणी तिच्यातूनही वाहते. पहिला प्रकार मिनिटांत घडतो आणि तासाभरात निवळतो. दुसऱ्याला दिवस-आठवडे लागतात, आणि तो निवळायला त्याहून कितीतरी अधिक काळ जातो.

पहिल्या प्रकारामागे मुख्यतः हिस्टामिन आहे. हे द्रव्य ज्यांच्या पोटात साठवलेले असते त्या मास्ट पेशींचे वर्णन जर्मन वैज्ञानिक पॉल एर्लिख यांनी 1878 साली आपल्या प्रबंधात केले होते. या पेशी रक्तात फिरत नाहीत. त्या त्वचेत, श्वासनलिकेत, आतड्यात आणि डोळ्याच्या श्लेष्मल त्वचेत, म्हणजे शरीर बाहेरच्या जगाला जिथे जिथे भिडते तिथे, ठाण मांडून असतात. आणि विशेष म्हणजे त्या बहुतेक वेळा बारीक रक्तवाहिन्यांच्या अगदी लगत आढळतात. त्यांच्या पृष्ठभागावर आयजीई नावाची प्रतिपिंडे अडकलेली असतात, ज्यांचा शोध इशिझाका दांपत्याने 1966 साली लावला. परागकणातले किंवा धुळीतल्या कीटकांचे प्रथिन या प्रतिपिंडांना जोडले गेले की मास्ट पेशी हिस्टामिन साठवलेले आपले कण बाहेर फेकते. हिस्टामिन वाहिनीला रुंद करते, तिच्या अस्तरातील पेशींमध्ये फटी पाडते, रक्तद्रव बाहेर झिरपतो, आणि लाली, सूज व खाज ही तिन्ही सुरू होतात. इथवरची गोष्ट शाळेच्या पुस्तकापासून औषधांच्या जाहिरातींपर्यंत सर्वत्र सांगितली जाते, आणि ती इथेच थांबवली जाते, याची मला खंत वाटते.

कारण त्याच कणांमध्ये आणखी बरेच काही असते. त्यांत ट्रिप्टेज नावाचे विकर असते, जे रक्तवाहिनीच्या अस्तरातील पेशींना वाढीसाठी थेट चालना देते. त्यांत रक्त गोठू न देणारे हेपॅरिन असते, आणि वाढीची कित्येक द्रव्ये हेपॅरिनला चिकटून राहतात. फायब्रोब्लास्ट वृद्धिघटक आणि रक्तवाहिनीच्या अस्तराचा वृद्धिघटक, म्हणजेच ज्याला संक्षेपाने व्हीईजीएफ म्हणतात ते द्रव्यही मास्ट पेशी सोडतात. काही साठ्यातून लगेच, तर काही नव्याने तयार करून पुढच्या काही तासांत. मास्ट पेशी आणि नव्या रक्तवाहिन्या यांचा संबंध प्रथम ॲलर्जीच्या नव्हे, तर कर्करोगाच्या अभ्यासात ठळकपणे पुढे आला. गाठीला वाढण्यासाठी स्वतःच्या रक्तवाहिन्या लागतात आणि त्या रोखल्या तर गाठही रोखता येईल, हा विचार बोस्टनचे शल्यविशारद ज्युडा फोकमन यांनी 1971 साली मांडला. 1976 साली त्यांच्याच गटाने असे दाखवले की, कोंबडीच्या अंड्यातील पडद्यावर गाठीचा तुकडा रोवला असता केशवाहिन्या तिकडे वळण्याच्या आधी तेथे मास्ट पेशी गोळा होतात.

व्हीईजीएफची कहाणी या विषयाच्या दृष्टीने फार बोलकी आहे. 1983 साली हॅरल्ड ड्वोरॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गाठींतून एक प्रथिन वेगळे केले. ते रक्तवाहिन्यांना झिरपते करत होते, आणि तेही हिस्टामिनच्या तुलनेत हजारो पटींनी कमी मात्रेत, म्हणून त्यांनी त्याला झिरपेपणा आणणारा घटक असे नाव दिले. पुढे 1989 साली नेपोलिओन फेरारा यांनी रक्तवाहिन्यांच्या पेशींची वाढ घडवणारे एक प्रथिन शोधले आणि त्याला व्हीईजीएफ म्हटले. दोन्ही प्रथिने एकच असल्याचे लवकरच सिद्ध झाले. ॲलर्जीत सूज आणि नव्या वाहिन्या हातात हात घालून का येतात, याचा खुलासा त्यातच आहे, कारण दोहोंची सूत्रे बऱ्याच अंशी एकाच द्रव्याकडे असतात.

नवी वाहिनी घडते ती जुन्या वाहिनीला फाटा फुटून. स्वस्थ वाहिनीच्या अस्तरातील पेशी एरवी विभाजन न पावता स्वस्थ बसून असतात, आणि पेरिसाइट नावाच्या पेशी त्यांना बाहेरून कवटाळून स्थिर ठेवतात. दाहाच्या जागी अँजिओपोएटिन-2 हे द्रव्य बाहेर पडते, तेव्हा ही मिठी सैल होते. आणि हे द्रव्य अस्तराच्या पेशींतून बाहेर काढणाऱ्यांपैकी एक आहे खुद्द हिस्टामिन. म्हणजे जे हिस्टामिन आपल्याला तासाभराच्या लालीचे कारण म्हणून ठाऊक आहे, ते त्याच वेळी पुढच्या महिन्याभराच्या बांधकामासाठी जागा मोकळी करत असते. त्यानंतर विकरे वाहिनीला बाहेरून आधार देणारा पातळ पडदा विरघळवतात, अस्तरातील एक पेशी व्हीईजीएफच्या दिशेने पुढे सरसावते, तिच्या मागच्या पेशी विभागत जाऊन नळीची लांबी वाढवतात, आणि असे दोन फाटे एकमेकांना भेटले की त्यांतून रक्त वाहू लागते. जखम भरताना हीच क्रिया घडते आणि काम संपले की थांबते. ॲलर्जीत मात्र वाहिन्या वाढवणारे हे रासायनिक निरोप थांबत नाहीत, त्यामुळे घाईने बांधलेल्या या वाहिन्यांना पेरिसाइटचा पुरेसा आधार मिळत नाही आणि त्या कायम गळत राहतात.

निरोप न थांबण्याचे श्रेय, किंवा दोष, प्रामुख्याने इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या रक्तपेशींकडे जातो. या पेशींनाही एर्लिख यांनीच, 1879 साली, त्या इओसिन या रंगाने लालभडक होतात म्हणून नाव दिले. रक्तात त्या थोडाच काळ असतात. ऊतीत शिरल्यावर मात्र त्या कित्येक दिवस तग धरतात, आणि इंटरल्यूकिन-5 सारखे पोषक निरोप मिळत राहिले तर त्यांचे आयुष्य आणखी लांबते. याच इंटरल्यूकिन-5 मुळे त्या व्हीईजीएफही सोडतात. त्यांच्या कणांतील मुख्य क्षारधर्मी प्रथिन कृमींना मारण्यासाठी योजलेले आहे. परंतु ते रक्तवाहिन्यांच्या पेशींना चालना देते, आणि डोळ्याच्या बाबतीत तर बुबुळावरच्या पारदर्शक पटलाची वरची कातडी सोलून तेथे ढालीच्या आकाराचा व्रण पाडण्यातही त्याचा हात असतो. व्हर्नलच्या मुलांच्या बुबुळाच्या कडेला जे पांढरे ठिपके दिसतात, त्यांत या पेशी आणि त्यांचे अवशेषच भरलेले असतात. पालकांना मी ते ठिपके आरशात आवर्जून दाखवतो, कारण आपल्या मुलाच्या रक्तातील पेशी डोळ्यात येऊन साठल्या आहेत हे प्रत्यक्ष पाहिल्यावर, "धूळ गेली असेल" हे म्हणणे आपोआप मागे पडते.

या सगळ्यांना एकत्र बांधतात त्या टी-पेशी, म्हणजे इतर प्रतिकारपेशींना निरोप धाडणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशी, आणि त्यातही टीएच-2 नावाचा त्यांचा प्रकार. त्या इंटरल्यूकिन-4, 5 आणि 13 ही निरोप्या प्रथिने तयार करतात. इंटरल्यूकिन-4 आणि 13 यांच्या प्रभावाने वाहिनीच्या आतल्या बाजूला व्हीकॅम-1 हा चिकट रेणू उगवतो. इओसिनोफिलच्या अंगावर त्याला पकडणारा जोडीदार रेणू असतो, म्हणून वाहत्या रक्तातून त्या पेशी नेमक्या याच भिंतीला अडकून बाहेर पडतात. आता नव्या वाहिन्यांचे महत्त्व ध्यानात येईल. वाहिन्या वाढल्या म्हणजे अशा चिकट भिंतींचे क्षेत्रफळ वाढले, त्यामुळे अधिक इओसिनोफिल आत आले, त्यांनी अधिक व्हीईजीएफ सोडले, आणि त्यातून आणखी वाहिन्या फुटल्या. प्रतिकारपेशींनी वाहिन्या घडवायच्या आणि वाहिन्यांनी प्रतिकारपेशी आणून सोडायच्या, असे हे चक्र एकदा फिरू लागले की मूळ परागकण हवेत कमी झाले तरी ते लगेच थांबत नाही. येल विद्यापीठातील संशोधकांनी 2004 साली याचा एक लक्षणीय पुरावा दिला: उंदरांच्या फुप्फुसांत केवळ व्हीईजीएफ जास्त तयार होईल अशी व्यवस्था केली असता तेथे नव्या वाहिन्या, सूज, चिकट स्राव असे दम्यासारखे चित्र उभे राहिले, आणि श्वासातून आलेल्या प्रथिनाविरुद्ध त्या उंदरांची टीएच-2 प्रतिक्रियाही वाढली. वाहिन्या वाढवणारे द्रव्य ॲलर्जीचा परिणाम तर आहेच, पण ते ॲलर्जीला खतपाणीही घालते, हे त्यातून दिसले.

शरीराकडे याला आवर घालण्याची साधनेही आहेत. टी-पेशींचा दुसरा प्रकार, टीएच-1, गॅमा इंटरफेरॉन नावाचे निरोप्या प्रथिन सोडतो आणि त्याच्या प्रभावाने तयार होणारी काही द्रव्ये वाहिन्यांची वाढ रोखतात. सर्वांत थक्क करणारी व्यवस्था मात्र बुबुळावरील पारदर्शक पटलात आहे. तेथे एकही रक्तवाहिनी नसते, म्हणूनच आपल्याला स्वच्छ दिसते. हे पटल व्हीईजीएफला पकडणारा एक विद्राव्य ग्राहक रेणू स्वतःच तयार करत असते आणि त्यामुळे निरोप वाहिन्यांपर्यंत पोहोचतच नाही, हे 2006 साली स्पष्ट झाले. वर्षानुवर्षे दाह राहिलेल्या काही मुलांत ही तटबंदीही अपुरी पडते आणि बुबुळाच्या वरच्या कडेने बारीक वाहिन्या आत सरकू लागतात. स्लिट लॅम्पखाली त्या सरकताना दिसल्या की मी तपासणीच्या तारखा जवळजवळच्या देतो.

दम्याविषयी थोडक्यात सांगायचे, तर तेथेही हेच घडते. दमेकऱ्यांच्या श्वासनलिकेच्या आतल्या आवरणात निरोगी माणसांपेक्षा अधिक रक्तवाहिन्या असतात हे ऊतींच्या नमुन्यांतून वारंवार दिसले आहे, आणि रुंद व गळत्या वाहिन्यांमुळे सुजलेले ते आवरण नळीचा पोकळ भाग अरुंद करते. बांधावरच्या गाजरगवतामुळे शेतकऱ्यांच्या मानेवर आणि हातांवर वर्षानुवर्षे टिकणारा जो त्वचादाह होतो, त्यात टी-पेशींचा मार्ग काहीसा वेगळा असला, तरी जाड व लाल झालेल्या त्या कातडीतही वाढलेल्या वाहिन्या असतातच.

आता थेंबांकडे येतो. औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या थेंबांपैकी काही नुसत्या वाहिन्या आवळणारे असतात. त्यांनी डोळा दहा मिनिटांत पांढरा होतो, म्हणून ते लोकप्रिय आहेत, परंतु मास्ट पेशी, इओसिनोफिल आणि टी-पेशी यांपैकी कोणालाही ते थांबवत नाहीत. आणि त्यांचा अंमल उतरल्यावर वाहिन्या पूर्वीपेक्षा जास्त फुगतात. दुसरा प्रकार स्टेरॉइडचा. हे औषध खरोखर प्रभावी आहे. ते टीएच-2 चे निरोप दाबते, इओसिनोफिलना लवकर मरण आणते आणि व्हीईजीएफची निर्मितीही कमी करते, म्हणून उंचवट्यांतील वाहिन्या फिकट पडताना दिसतात. मात्र तेच थेंब महिनोन्महिने घातले तर काही मुलांच्या डोळ्यांचा दाब वाढतो, मोतीबिंदू होतो, आणि वाढलेल्या दाबामुळे होणाऱ्या काचबिंदूने गेलेली दृष्टी कोणत्याही उपायाने परत येत नाही. जुनी चिठ्ठी दाखवून, किंवा शेजारच्या मुलाला लागू पडले म्हणून, स्टेरॉइडचे थेंब वर्षभर घातलेली मुले आजही येतात, आणि हे सहज टाळता येण्यासारखे असल्यामुळे त्याचे अतोनात वाईट वाटते.

म्हणून माझा भर दुसरीकडे असतो. मास्ट पेशीला स्थिर ठेवणारे आणि हिस्टामिनला अडवणारे थेंब हंगाम सुरू होण्याआधी, म्हणजे ऊन चढायच्या आत, सुरू करायचे आणि डोळा पांढरा दिसू लागला तरी सांगितलेल्या मुदतीपर्यंत चालू ठेवायचे. स्टेरॉइड द्यायचे ते जोर ओसरण्यापुरते, थोडे दिवस, दाब मोजत मोजत. आजार मुरलेला असेल तर सायक्लोस्पोरिनचे थेंब किंवा टॅक्रोलिमसचे मलम उपयोगी पडते. टॅक्रोलिमस 1984 साली जपानमधील त्सुकुबाच्या मातीत सापडलेल्या एका जिवाणूपासून मिळाले. ही दोन्ही औषधे टी-पेशीतील कॅल्सिन्युरिन नावाच्या विकराला अडवून तिचे निरोपच बंद करतात. आणि वाहिनीच्या अस्तरातील पेशीतही व्हीईजीएफचा संदेश काही अंशी याच विकराच्या वाटेने जात असल्यामुळे चक्राच्या दोन्ही बाजूंना चाप बसतो. व्हीईजीएफलाच रोखणारी इंजेक्शने आहेत आणि मधुमेहाने बिघडलेल्या डोळ्याच्या आतल्या पडद्यासाठी ती मोठे काम करतात, हे वाचून काही पालक ती मुलासाठी मागतात. परंतु ॲलर्जीत वाहिन्या वाढवणारे द्रव्य एकच नाही. व्हीईजीएफ अडवले तरी ट्रिप्टेज, फायब्रोब्लास्ट वृद्धिघटक आणि इतर द्रव्ये चालूच राहतात, तेव्हा एकेका द्रव्यामागे धावण्यापेक्षा ती सोडणाऱ्या पेशी शांत करणे मला अधिक योग्य वाटते.

यासोबत टोपी, गॉगल, थंड पाण्याच्या पट्ट्या आणि डोळे न चोळणे ही पथ्ये आहेतच. चोळल्याने मास्ट पेशी नुसत्या दाबानेही कण सोडतात आणि पुढे पारदर्शक पटल शंकूसारखे पुढे येण्याचा धोका वाढतो, म्हणून शाळेच्या बाईंनाही याची कल्पना देऊन ठेवावी. बहुतेक मुलांत हा आजार वयात येताना आपोआप मावळतो. तेव्हा पापणीतील उंचवटे हळूहळू सपाट होतात, निरोप येईनासे झाल्यामुळे त्यांतील वाहिन्यांचे फाटे आटत जातात, आणि मोठ्या उंचवट्यांच्या जागी कधी कधी फिकट पांढरे बारीक व्रण राहतात, ज्यांचा दृष्टीला त्रास नसतो. मधली चार-सहा वर्षे पारदर्शक पटल स्वच्छ आणि डोळ्यांचा दाब नेमका ठेवणे, एवढे काम आई-वडिलांनी आणि डॉक्टरांनी मिळून करायचे असते. त्यासाठी दर तपासणीला पापणी उलटवून पाहावी आणि स्टेरॉइड चालू असेल तर दाब मोजल्याशिवाय मुलाला घरी नेऊ नये.